आऱ्यांची लांबी, सायकलच्या चाकातील
सायकलच्या चाकाचा मधला तुंबा व बाहेरची रिम यांना जोडणाऱ्या, ताणून बसविलेल्या तारांना आरे किंवा व्यवहारात स्पोक म्हणतात. चाक हाताने बांधण्यापूर्वी आऱ्यांची लांबी निश्चित करावी लागते. आऱ्याचे एक टोक वाकविलेले असून त्याच्या डोक्यामुळे आरा तुंब्याच्या चकतीतील भोकात अडकतो. दुसऱ्या टोकावर आटे असतात व त्यांवर रिमच्या भोकातून घातलेले निपल फिरवून बसवितात. लांबी वाकाच्या आतील बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात.

लांबीचे महत्त्व : बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे दाब सहन करून भार पेलतात. सायकलची बारीक तार मात्र दाबाखाली वाकेल. म्हणून सर्व आरे चाक बांधतानाच ताणून ठेवतात. भार पडला म्हणजे जमिनीलगतच्या आऱ्यांतील ताण कमी होतो; तो पूर्णपणे नाहीसा होत नाही तोवर चाक आपला आकार टिकवून धरते. हा ताण निपल फिरवून देतात. नेहमीच्या आऱ्यावर एका इंचात ५६ आटे असल्याने निपलच्या एका फेऱ्यात आरा फक्त सु. ०.४५ मिमी. ओढला जातो व आटे पाडलेला भाग जेमतेम १ सेंमी. असतो. त्यामुळे लांबीतील चूक निपलने फारशी भरून निघत नाही. आरा आखूड असल्यास निपलच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही आणि पुढे निपल तेथेच तुटते. तो लांब असल्यास ताण पुरेसा होण्यापूर्वीच आटे संपतात किंवा टोक बाहेर येऊन ट्यूबला भोक पाडते.

इतिहास : ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. पॅरिसचे यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे एकस्व घेतले. आरंभीचे आरे तुंब्यापासून सरळ त्रिज्येच्या दिशेने जात. अशी रचना तुंब्याचे परिबल रिमकडे नीट पोहोचवू शकत नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आरे स्पर्शिकेच्या दिशेने तिरपे, एकमेकांना छेदून बसविण्याची पद्धत आणली व तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. पुढील चाकात ३२ व मागील चाकात ४० आरे ही ब्रिटिश प्रथा भारतातील जुन्या धर्तीच्या काळ्या सायकलींतही आली.

मोजमापे : आरे त्रिज्येच्या दिशेत असते, तर लांबी काढणे सोपे होते, तिरप्या मांडणीमुळे गणित करावे लागते. त्यासाठी पुढील राशी लागतात : (१) रिमचा परिणामी व्यास, म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलांत आऱ्यांची टोके जेथे पोहोचावयाची त्या बिंदूंमधील अंतर, (२) चकतीवरील भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, (३) चाकाच्या मध्यप्रतलापासून चकतीचे अंतर, (४) भोकाचा व्यास, (५) एका चकतीवरील आऱ्यांची संख्या आणि एक आरा त्याच चकतीवरील किती आऱ्यांना छेदतो ती संख्या.

परिणामी व्यास रिमच्या वरवरच्या मापावरून मिळत नाही. तो मोजण्यासाठी प्रत्येकी २५० मिमी. लांबीचे दोन जुने आरे निपलांसह समोरासमोरच्या भोकांत घालून ताणतात व आतील टोकांमधील अंतर मोजतात. हे अंतर १०० मिमी. भरल्यास परिणामी व्यास ६०० मिमी. होतो. रिम किंचित लंबगोल असू शकते; म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घेणे इष्ट असते.

सूत्र : परिणामी व्यासाचा निम्मा भाग क, चकतीवरील वर्तुळाची त्रिज्या ख, मध्यप्रतलापासून चकतीचे अंतर ग, भोकाची त्रिज्या भ व आऱ्याची दोन टोके आसाशी करतात तो कोन अ मानल्यास

लांबी = √(क² + ख² + ग² − २ क ख कोज्या अ) − भ

येथे अ = ३६०° × छेदांची संख्या ÷ एका चकतीवरील आरे. आसाच्या दिशेने पाहता क व ख या बाजू आणि त्यांमधील कोन यांचा त्रिकोण दिसतो. ग हे अंतर त्या प्रतलाला लंब असल्याने त्याचा वर्ग पायथॅगोरसच्या सिद्धांतानुसार मिळविला जातो.

उदा., ३६ आऱ्यांच्या चाकात क = ३००, ख = २२.५, ग = ३५ व भ = १.३ मिमी. असून छेद तीन असल्यास अ = ६०° आणि लांबी २९०.२ मिमी. येते. दोन छेदांस ती २८४.० मिमी., तर चार छेदांस २९७.७ मिमी. होते. गिअरच्या सायकलीत मागील तुंब्याची उजवी चकती दातेरी चक्रांमुळे मध्यप्रतलाच्या जवळ सरकलेली असते. वरील चाकात ग उजवीकडे १८ व डावीकडे ३४ मिमी. असल्यास लांबी अनुक्रमे २८८.७ व २९०.१ मिमी. येते, म्हणजे दोन्ही बाजूंचे आरे वेगळे घ्यावे लागतात.

अचूकता : सर्व मापे सारख्याच काटेकोरपणे घेण्याची गरज नसते. वरील उदाहरणात मध्यप्रतलापासूनच्या अंतरात १ मिमी. चूक झाल्यास लांबीत सु. ०.१ मिमी., चकतीवरील व्यासात झाल्यास सु. ०.२ मिमी., तर परिणामी व्यासात झाल्यास सु. ०.५ मिमी. फरक पडतो. म्हणून कुशल कारागीर रिम स्वतः मोजून घेतो. २ मिमी. जाडीचा पोलादी आरा सु. १०० किग्रॅ. भाराइतक्या ताणाखाली सु. ०.५ मिमी. लांबतो व रिमही थोडी आवळली जाते. त्यामुळे उत्तर दोन उपलब्ध लांब्यांच्या मधोमध आल्यास सामान्यतः आखूड लांबी निवडतात. आता हे गणित संगणक क्षणात करतो. परंतु त्याला दिलेला परिणामी व्यास चुकीचा असेल, तर उत्तरही तितकेच चुकीचे येते.