शाळा सोडणाऱ्यांचा जमाखर्च

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात सपत्नीक घरी आला. तो बँकेत लिपिक आहे. पत्नी एका खासगी कचेरीत हिशेबनीस आहे. नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावे, असे त्या दोघांच्या मनाने घेतले होते. मुलगा अभ्यासात मागे नाही, उनाडही नाही. तो प्रश्न फार विचारतो, आणि साठ मुलांच्या वर्गात प्रश्न विचारणारे मूल शिस्तीला अडथळा ठरते. वर्षभरात त्याचे प्रश्न थांबले आणि सकाळी उठल्यावर पोटात दुखणे सुरू झाले. डॉक्टरांना पोटात काही सापडले नाही. "सर, आम्ही चूक तर करीत नाही ना?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

माझी पत्नी तेवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमच्या मुलाचे कदाचित भलेच होईल. पण पालकसभेत उठून विचारणारे तुम्ही दोघेच असाल, तर तुम्ही गेल्यावर तिथे विचारील कोण?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख हा ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

मुलांना घरी शिकविणारे पालक म्हणजे सुखवस्तू माणसांचे नवे खूळ, असे एक मत ऐकू येते. याउलट, शाळा हाच एक तुरुंग असून त्यातून मुलाला सोडविणारा पालक हा धैर्यशाली पुरुष होय, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत कारणांची चौकशी नाही. वास्तविक कारणे एकसारखी नसतात. कोणाचे मूल दीर्घकाळ आजारी असते, कोणाला अक्षरे ओळखण्यात अडचण असते आणि वर्ग त्याच्यासाठी थांबत नाही. कोणाचे मूल गाण्यात वा बुद्धिबळात इतके पुढे गेलेले असते, की दिवसाचे सहा तास त्याला जड होतात. कोणी वारंवारच्या बदल्यांना कंटाळलेले असतात, तर कोणी शुल्काच्या वाढत्या आकड्यांना. आणि पुष्कळांना, माझ्या विद्यार्थ्याप्रमाणे, मूल कोमेजताना पाहवत नाही.

ज्या देशात ही प्रथा सर्वाधिक रुजली, त्या अमेरिकेचा अनुभवही असाच संमिश्र आहे. जॉन होल्ट या शिक्षकाने १९६४ साली मुले शाळेत नापास का होतात यावर पुस्तक लिहिले, तेव्हा शाळा सुधारता येतील असा त्याचा विश्वास होता. तो विश्वास ओसरल्यावर १९७७ साली त्याने घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढले. तेथील शासकीय पाहणीनुसार १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१६ मध्ये ही संख्या सतरा लाखांच्या घरात गेली. त्या पाहणीत पालकांना सर्वांत महत्त्वाचे कारण विचारले, तेव्हा सुमारे ३४ टक्क्यांनी शाळेतील वातावरणाची चिंता हे कारण सांगितले. अध्यापनाविषयी असमाधान आणि धार्मिक शिक्षणाची इच्छा ही कारणे त्याच्या जेमतेम निम्म्यावर होती. म्हणजे शाळेत मूल सुरक्षित आणि आनंदी आहे का, हा पालकांच्या मनातील पहिला प्रश्न होता. गणिताचा क्रम त्यानंतरचा.

आपल्याकडे कायदा या बाबतीत मोठा गमतीदार आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. तथापि कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला तो कोणतीही शिक्षा सांगत नाही. जर्मनीत स्थिती निराळी आहे. तेथे शाळेत जाणे सक्तीचे आहे, आणि त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेल्या पालकांना २००६ आणि २०१९ अशा दोन्ही वेळी अपयश आले. आपल्या कायद्याने दार बंद केलेले नाही आणि उघडलेलेही नाही. घरी शिकविणारी कुटुंबे त्या उंबरठ्यावर उभी आहेत.

आता अर्थशास्त्राच्या अध्यापकाने करावयाचा तो हिशेब करू. शाळा एकच वस्तू पुरविते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती चार वस्तू एका गाठोड्यात बांधून देते: शिकविणे, सांभाळणे, सोबत आणि प्रमाणपत्र. पालक नाराज असतात ते बहुधा पहिल्या वस्तूवर. पण शाळा सोडली की चारही हातातून जातात आणि चारही वस्तूंची सोय घरी करावी लागते.

पैकी शिकविणे ही सोय त्यातल्या त्यात सुलभ आहे. चौथी-पाचवीचा अभ्यासक्रम एका मुलाला शिकविण्यास दिवसाचे दोन-अडीच तास पुरतात. शाळेतला उरलेला वेळ हजेरी, शिस्त आणि इतरांसाठी थांबणे यांत जातो. प्रमाणपत्राचीही वाट आहे. आपल्या मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, आणि १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेसाठी नोंदवून घेते. ही वाट मात्र चुकवून चालत नाही. सातवीनंतर शाळा सोडलेली मुंबईची एक मुलगी आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. आपल्या आयआयटीची दारे मात्र तिला बंद होती, कारण तिच्यापाशी बारावीचा कागद नव्हता. दोष कोणाचा हा वाद करता येईल. पण कागदावाचून अडते, हे सत्य पालकाने आधीच जाणलेले बरे.

सोबत आणि सांभाळणे या दोन बाबी अधिक कठीण. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी जे सोडावे लागते ती तिची खरी किंमत, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. घरच्या शाळेला शुल्क नसते म्हणून ती स्वस्त, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. तेथे कोणा एकाचा सारा दिवस खर्ची पडतो, आणि आपल्या घरांत तो कोणाचा, हे वाचकांना सांगावयास नको. माझ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात "आम्ही शिकवू" हे शब्द चारदा आले. नोकरी कोण सोडणार, असे मी विचारले तेव्हा दोघांनी एकाच वेळी पत्नीकडे पाहिले. म्हणजे त्याने तिच्याकडे, आणि तिने आपल्या हातांकडे. या जमाखर्चात तिचा पगार, तिची बढती आणि तिचे निवृत्तिवेतन हे खर्चाच्या बाजूला मांडलेच पाहिजे.

या प्रयोगाचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गांधीजींच्या घरचे आहे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या शाळेत आपल्या मुलांना खास सवलत म्हणून प्रवेश मिळाला असता; जी सोय इतर हिंदी मुलांना नाही ती आपल्या मुलांना नको, म्हणून त्यांनी ती नाकारली. काही काळ महिना सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली, ती व्यवस्था समाधानकारक वाटली नाही. पुढे जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत चालता चालता ते मुलांना शिकवीत. नियमाने रोज एक तास देता आला असता तर मुलांना उत्तम अक्षरज्ञान देता आले असते, अशी कबुली त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात दिली आहे. थोरले चिरंजीव हरिलाल १९११ साली औपचारिक शिक्षणाच्या ओढीने वडिलांना सोडून हिंदुस्थानात परतले. ती सल त्या घरात कायमची राहिली. तत्त्व उदात्त होते, शिक्षक तर जगाचा शिक्षक होता. कमी पडला तो रोजचा एक तास.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. घरचे शिक्षण हे आपल्याकडे नवे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईने शिकविले. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरी शिकविले. परंतु ते घरी झाले, कारण बाहेरचे दार बंद होते. ते दार उघडण्यासाठी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, आणि १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते सक्तीचे केले. ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी शाळा हेच एकमेव घर होते. आजही अशी घरे लक्षावधी आहेत. त्यांना शाळेतून बाहेर पडण्याचा पर्याय नाही. त्यांना शाळा चांगली होण्याचाच काय तो पर्याय आहे.

आणि येथे माझ्या पत्नीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या ग्राहकांपुढे दोन मार्ग असतात, असे त्याने दाखविले: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. दुकानाच्या बाबतीत गिऱ्हाईक निघून गेले की मालक जागा होतो. सार्वजनिक शाळेच्या बाबतीत तसे होत नाही, कारण ज्यांना गुणवत्तेची सर्वाधिक चाड असते, तेच सर्वांत आधी निघून जातात. आवाज उठवू शकणारेच गेल्यामुळे शाळा सुधारण्याऐवजी अधिकच निर्धास्तपणे ढासळते. ज्या मध्यमवर्गाने आधी नगरपालिकेची शाळा सोडली, मग मराठी शाळा सोडली, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. घरची शाळा हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

तर मग जाणाऱ्या कुटुंबाला दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. रोज सकाळी पोट दुखणाऱ्या मुलाला समाजसुधारणेसाठी ओलीस ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र त्या कुटुंबाची तक्रार खरी असेल, तर ती केवळ त्याची खासगी मालमत्ता राहत नाही. मूल घरी नेता येते. तक्रार मागे ठेवून जावी. आपण दाखला काढतो तेव्हा अर्जावर 'घरगुती कारणास्तव' असे लिहून मोकळे होतो. वस्तुतः कारण घरगुती नसते, ते वर्गातले असते. आणि वर्गात ज्यांची मुले उरली आहेत, त्यांना ते कळण्याची नितांत गरज असते. शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायद्यातच आहे. ती कागदावर असेल तर तिला कागद तरी मिळावा.

मी त्या दोघांना चार वस्तूंचा तक्ता करावयास सांगितले आणि खर्चाच्या बाजूला पत्नीचा पगार लिहावयास सांगितले. माझ्या पत्नीने आणखी एक काम सांगितले. त्याप्रमाणे त्यांनी समितीला दोन पानी पत्र दिले आहे: वर्गात मुले किती, प्रश्नाला बंदी का, आणि गेल्या वर्षात त्यांच्या मुलाचे काय झाले. त्यावर आणखी अकरा पालकांनी सह्या केल्या. त्यांतले चौघे असे होते, की ज्यांनी आजवर पालकसभेत तोंड उघडले नव्हते. दाखल्याचा अर्ज लिहून तयार आहे, पण तो घरच्या कपाटात आहे. जूनपर्यंत वाट पाहण्याचे ठरले आहे.

उत्तर आले नाही, तर त्यांनी मुलाला खुशाल घरी न्यावे. मग हिशेब त्यांनी द्यावयाचा नाही. ज्यांनी पत्राला उत्तर दिले नाही, त्यांनी द्यावयाचा आहे.