डिस्क इमेजचे रूपांतर : डबा बदलताना काय जपावे?

शाळेच्या संगणक-कक्षातले कपाट उघडले, की एखाद्या खणात जुन्या सीडींचा गठ्ठा हमखास सापडतो. भूगोलाचे नकाशे, इंग्रजी उच्चारांचे पाठ, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, जुने निकाल असे बरेच काही त्यांत असते. नव्या संगणकांना सीडी घालण्याची सोय बहुधा नसते. शिवाय सीडीवर ओरखडे पडतात, तिचा चकाकणारा थर खराब होतो. म्हणून कोणीतरी पुढाकार घेऊन प्रत्येक सीडीची ‘डिस्क इमेज’ करून ठेवतो. पण कोणती फाइल ‘बिन’ निघते, कोणती ‘डीएमजी’, आणि दुसऱ्या संगणकावर नेमकी ती उघडत नाही. अशा वेळी विद्यार्थी एक युक्ती करतात. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून तेथे ‘आयएसओ’ लिहितात. फाइल तरीही बहुधा उघडत नाही.

का उघडत नाही? आणि खरे रूपांतर करायचे, तर त्यात काय बदलते, काय टिकते आणि काय गळून जाते? या लेखात आपण हेच पाहू.

इमेज म्हणजे काय?

एखाद्या ग्रंथालयातली पुस्तके दुसरीकडे न्यायची असतील, तर दोन मार्ग आहेत. एक, नुसती पुस्तके उचलून नेणे. दुसरा, प्रत्येक कपाटाचा प्रत्येक खण, त्यातली पुस्तके, रिकाम्या जागा आणि दारावरची सूची, सगळे जसेच्या तसे नव्या इमारतीत उभे करणे. फाइलींची नक्कल करणे हा पहिला मार्ग. डिस्क इमेज हा दुसरा.

डिस्कवरील जागा समान आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. पूर्वीच्या साडेतीन इंची फ्लॉपीचे उदाहरण घेऊ. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट.

२ × ८० × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट

फ्लॉपीवर एकच लहानसे पत्र असले, तरी तिची साधी इमेज बरोबर एवढ्याच बाइटची होईल, कारण रिकामे सेक्टरही मोजले जातात. (याच संख्येला १,०२४ ने भागा. १,४४० येतील. ‘१.४४ मेगाबाइट’ हे नाव येथून आले.)

सेक्टरमागून सेक्टर अशी सरळ मांडलेली ही प्रत म्हणजे ‘रॉ’, म्हणजेच कच्ची इमेज. बाकीचे प्रकार म्हणजे याच मजकुराला वेगवेगळ्या तऱ्हेने डब्यात भरणे होय.

सीडीचे गणित

सीडीवरील एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. माहितीच्या सीडीच्या नेहमीच्या प्रकारात त्यांची वाटणी अशी असते :

सेक्टरची सुरुवात ओळखण्याची खूण : १२
सेक्टरचा पत्ता व प्रकार : ४
प्रत्यक्ष माहिती : २,०४८
चूक ओळखण्यासाठी : ४
रिकामे : ८
चूक दुरुस्त करण्यासाठी : २७६

बेरीज करून पाहा, २,३५२ येते. ‘बिन’ फाइलमध्ये सहसा हे सगळेच बाइट असतात. तिच्या जोडीला ‘सीयूई’ नावाची छोटी मजकूर-फाइल असते. कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो, हे त्यात लिहिलेले असते. ‘आयएसओ’ फाइलमध्ये मात्र प्रत्येक सेक्टरमधले फक्त मधले २,०४८ बाइट असतात.

आता रूपांतराची कृती आपोआप सुचते. पहिले १६ बाइट सोडा, पुढचे २,०४८ घ्या, उरलेले २८८ सोडा, आणि हेच शेवटपर्यंत करा. ७४ मिनिटांच्या सीडीवर सेकंदाला ७५ या हिशोबाने ३,३३,००० सेक्टर असतात. तेव्हा पूर्ण भरलेल्या सीडीची बिन फाइल ७८,३२,१६,००० बाइटची आणि आयएसओ ६८,१९,८४,००० बाइटची होईल. नावाचे शेपूट बदलून हे दहा कोटींहून अधिक बाइट कसे गळतील? आयएसओ वाचणारी आज्ञावली २,०४८ ची पावले टाकीत जाते आणि दुसऱ्या पावलालाच चुकीच्या जागी पडते.

आज्ञा देऊन रूपांतर

हे काम चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी आज्ञा टंकून करणे सोयीचे असते. आज्ञा लिहून ठेवता येते, पुन्हा तशीच वापरता येते आणि पन्नास सीडींसाठी पन्नासदा तेच काम बिनचूक होते. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर मात्र त्या रोमन अक्षरांत आणि अंकांत, सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत, टंकाव्यात.

लिनक्सवर ‘बीचंक’ ही छोटी आज्ञावली मिळते. (बी, सी, एच, यू, एन, के अशी अक्षरे.)

बीचंक -डब्ल्यू भूगोल.बिन भूगोल.सीयूई भूगोल

पहिले नाव बिनचे, दुसरे सीयूईचे, तिसरे नव्या फाइलीच्या नावाची सुरुवात. माहितीच्या ट्रॅकची आयएसओ फाइल तयार होते. ‘-डब्ल्यू’ लिहिल्यामुळे आवाजाचे ट्रॅक वेगळ्या ‘वेव्ह’ फाइलींत उतरतात.

आवाज वेगळा का काढावा लागतो? सीडीवरील आवाजासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजू आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट लागतात, म्हणजे १,७६,४०० बाइट. याला ७५ ने भागले, की बरोबर २,३५२ येतात. आवाजाच्या सेक्टरमध्ये सगळेच बाइट आवाजाचे असतात. २,०४८ च्या डब्यात ते मावत नाहीत. उच्चारांचे पाठ असलेल्या काही सीडींत पहिला ट्रॅक माहितीचा आणि पुढचे आवाजाचे असतात. अशा सीडीची नुसती आयएसओ ठेवून बिन पुसली, तर आज्ञावली सुरू होईल, चित्रे दिसतील, पण आवाज कायमचा गेलेला असेल.

डबा आणि मांडणी

मॅक संगणकावरील डीएमजी फाइलीत बहुधा सेक्टरांचे गट दाबून लहान केलेले असतात. कोणता गट कोठे आहे, हे शोधण्याची माहिती फाइलीच्या शेवटी असते. मॅकवर ती उलगडण्याची आज्ञा अशी :

एचडीआययूटिल कन्व्हर्ट भूगोल.डीएमजी -फॉरमॅट यूडीटीओ -ओ भूगोल

येथे ‘यूडीटीओ’ मोठ्या अक्षरांत लिहावे. ‘सीडीआर’ शेपटाची फाइल मिळते. ती सरळ मांडलेलीच असल्याने येथे शेपूट बदलून ‘आयएसओ’ केले, तरी चालते. पण ही फाइल विंडोज संगणकावर नेली, की तेथे ती बहुधा वाचता येत नाही! रूपांतर तर अचूक झाले, मग अडले कोठे?

येथे तीन थर वेगळे ओळखायला हवेत. सर्वांत बाहेर डबा, म्हणजे फाइलीचा प्रकार. त्याच्या आत मांडणी, म्हणजे कोणती फाइल कोणत्या सेक्टरमध्ये आहे हे सांगणारी सूची-पद्धत. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. आणि सर्वांत आत आपल्या फाइली. वरील आज्ञेने फक्त डबा बदलला. आतली मांडणी मॅकचीच राहिली आणि ती विंडोजला स्वतःहून समजत नाही. पाकीट बदलल्याने पत्राची भाषा बदलत नाही, तसेच हे.

मांडणीच बदलायची असेल, तर डीएमजी उघडून आतील फाइली एका फोल्डरमध्ये घ्याव्या लागतात आणि त्यांची नवी इमेज करावी लागते :

एचडीआययूटिल मेकहायब्रिड -आयएसओ -जोलिएट -ओ भूगोल.आयएसओ फोल्डर

यातील ‘जोलिएट’ हा शब्द आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आयएसओ ९६६० हे सीडीच्या मांडणीचे मानक १९८८ मधले. त्याच्या मूळ नियमांत फाइलीच्या नावात मोठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच बसते. देवनागरी नावांना तेथे जागाच नाही. जोलिएट ही मायक्रोसॉफ्टने घातलेली पुरवणी १६ बिटांची चिन्हे वापरते, म्हणून देवनागरी नावे टिकतात. मात्र नावाची मर्यादा ६४ चिन्हांची आहे, आणि काना, वेलांटी, पायमोडीचे चिन्ह ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘विज्ञान’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, त्याची सात चिन्हे होतात. मोजून पाहा.

संगणकातल्या संगणकाची डिस्क

जुनी आज्ञावली नव्या संगणकावर चालत नसेल, तर आत एक आभासी संगणक उभा करून त्यावर ती चालवता येते. त्याची ‘हार्ड डिस्क’ हीसुद्धा एक इमेजच. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके, क्यूईएमयूची क्यूकाऊ२ असे तिचे प्रकार आहेत. २० गिगाबाइटच्या डिस्कवर ४ गिगाबाइट माहिती असली, तर या फाइली सहसा ४ च्या आसपासच जागा घेतात. कोणता भाग कधी वापरलाच नाही, याची त्या नोंद ठेवतात.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू या मुक्त आज्ञावलीसोबत रूपांतराचे एक साधन मिळते :

क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -एफ व्हीएमडीके -ओ क्यूकाऊ२ जुनी.व्हीएमडीके नवी.क्यूकाऊ२

‘-एफ’ पुढे आताचा प्रकार आणि ‘-ओ’ पुढे हवा असलेला प्रकार. हा ‘ओ’ मात्र मोठा लिहायचा. हे साधन डब्यातून एकेक भाग वाचते, मनातल्या मनात कच्ची इमेज उभी करते आणि नव्या डब्यात भरते. येथेही मांडणीला धक्का लागत नाही.

पडताळा

रूपांतर झाले, असे पडद्यावर दिसले म्हणजे काम संपले, असे नव्हे. आभासी डिस्कसाठी ‘क्यूईएमयू-आयएमजी कम्पेअर’ ही आज्ञा दोन्ही इमेजमधला मजकूर ताडून पाहते आणि दोन्ही सारख्या आहेत की नाहीत, ते सांगते.

आयएसओची एक चाचणी वर्गात करण्याजोगी आहे. मांडणीचे पहिले वर्णन सेक्टर क्रमांक १६ मध्ये असते. क्रमांक शून्यापासून मोजतात, म्हणून त्याच्याआधी १६ × २,०४८ = ३२,७६८ बाइट असतात. पुढील आज्ञा तेथून १६ बाइट दाखवते :

एक्सएक्सडी -एस ३२७६८ -एल १६ भूगोल.आयएसओ

एक बाइट सोडून लगेच सी, डी, शून्य, शून्य, एक ही पाच चिन्हे दिसली, तर आयएसओ मानकाची मांडणी योग्य जागी आहे. बिन फाइलीत हाच सेक्टर १६ × २,३५२ + १६ = ३७,६४८ बाइट सोडून पाहावा लागेल. विद्यार्थ्यांना ही संख्या आधी काढू द्या आणि मग फाइलीत शोधू द्या.

प्रत पुढे बिघडली का, हे कळण्यासाठी ‘एसएचए२५६सम’ या आज्ञेने फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा काढून वहीत नोंदवावा. एक बिट बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. मात्र बिन आणि तिच्यापासून केलेली आयएसओ यांचे ठसे वेगळेच असणार. त्यांची तुलना करून घाबरू नये. ठशाची तुलना त्याच फाइलीच्या आधीच्या ठशाशी करावी.

तीन पथ्ये

पहिले, आज्ञेत ‘कोठून’ आणि ‘कोठे’ यांची अदलाबदल होऊ देऊ नये. इमेज करण्यासाठी वापरली जाणारी ‘डीडी’ ही आज्ञा तर काहीही न विचारता समोरची डिस्क पुसून त्यावर लिहिते. दुसरे, नवी प्रत उघडून, आतील निदान दोन-तीन फाइली वापरून आणि आवाज ऐकून पाहिल्याशिवाय जुनी पुसू नये. तिसरे, जो प्रकार सर्वांत जास्त सामावून घेतो, तो मूळ म्हणून जपावा. बिनपासून आयएसओ कधीही करता येते. आयएसओपासून हरवलेला आवाज परत आणता येत नाही.

प्रत्येक इमेजशेजारी एक साधी मजकूर-फाइलही ठेवावी. सीडी कशाची, इमेज कधी आणि कोणत्या आज्ञेने केली, ट्रॅक किती आणि ठसा काय, एवढे त्यात असले, की दहा वर्षांनी कपाट उघडणाऱ्या शिक्षकाला डब्यात काय आहे आणि तो कसा उघडायचा, हे लगेच कळेल.