एकाच देशातील थंड व उष्ण शहरे : बुऱ्हाणपूरच्या दृष्टीने

देशातील सर्वांत थंड व सर्वांत उष्ण शहर कोणते, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. नुसते आकडे पाठ करून भागत नाही. त्यांमागील कारण पाहावे लागते.

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उलट लेहला हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. लेह अधिक उत्तरेस आहे हे खरे. परंतु त्याची सुमारे ३,५०० मीटर उंची हे मोठे कारण आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते.

मध्य प्रदेशातही हेच दिसते. बुऱ्हाणपूर व पचमढी यांच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. मात्र बुऱ्हाणपूर तापीच्या खोऱ्यात सुमारे २५० मीटरवर, तर पचमढी सातपुड्यात हजार मीटरहून उंच आहे. वरील हिशेबाने केवळ उंचीमुळे सुमारे पाच अंशांचा फरक पडतो.

तथापि, हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत. पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग चालविणाऱ्या विणकराला सोसावी लागणारी उष्णता त्या आकड्यात येत नाही.

मुघलकाळात, १६१५ मध्ये, कुंडी भंडाऱ्याद्वारे सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहराकडे आणले गेले. त्यामुळे ते उन्हापासून सुरक्षित राहिले. पाण्याबाबत दाखविलेली ही दूरदृष्टी आता माणसांबाबतही हवी : छपराला चुना, हवेला वाट आणि भर दुपारी विसावा.