शिडाची लोखंडी जहाजं : त्यांची कारकीर्द आणि त्यांचा शेवट



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस जहाजांबद्दल काय बोलणार. पण वस्तू म्हणजे काय, ती तीच केव्हा राहते आणि केव्हा राहत नाही, हा आमच्या विषयाचा फार जुना प्रश्न आहे. या जहाजांच्या निमित्ताने तो इतका सरळ समोर येतो की वर्गातली उदाहरणं फिकी पडावीत. तिकडे आपण शेवटी येऊ. आधी जहाजं समजून घेऊ.

आपल्या डोक्यात एक सोपं चित्र असतं. आधी लाकडाची शिडाची जहाजं होती, मग लोखंडाची वाफेवर चालणारी आली. प्रत्यक्षात या दोन्हींच्या मध्ये एक मोठा काळ आहे. साधारण १८६० ते १८९० या वर्षांत ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने अशी मालवाहू जहाजं बांधली गेली, ज्यांचं अंग लोखंडाचं होतं आणि ती चालायची मात्र वाऱ्यावर. इंजिन नाही, बॉयलर नाही. तीन किंवा चार डोलकाठ्या, आडव्या परबाणांना बांधलेली शिडं, आणि खाली रिव्हेट मारून जोडलेले लोखंडी पत्रे.

लोखंड का? लाकडाचं जहाज एका मर्यादेपलीकडे लांब करता येत नाही. लाटांवर ते मधूनच वाकतं, सांधे सैल होतात, पाणी येतं. शिवाय लाकूड कुजतं, समुद्रातला किडा ते पोखरतो. लोखंडाच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे तेवढ्याच आकारात जास्त माल मावतो. बांधणी लांबलचक करता येते. आणि तोवर ब्रिटनमध्ये चांगलं लाकूड महाग झालं होतं, लोखंड आणि कोळसा भरपूर होता.

अर्थात फुकट काही मिळत नाही. लोखंडामुळे होकायंत्राची सुई भरकटायची. त्यावर ग्रीनिचचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये प्रयोग करून उपाय काढला. होकायंत्राजवळ चुंबक आणि लोखंडाचे तुकडे अशा रीतीने ठेवायचे की जहाजाचा परिणाम खोडला जाईल. दुसरी अडचण तळाची. लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारत, म्हणजे शेवाळ आणि शिंपले चिकटत नसत. लोखंडाला तांबं लावलं तर खाऱ्या पाण्यात त्या दोघांची बॅटरीच तयार होते आणि लोखंड खाल्लं जातं. मग जहाज अधूनमधून सुक्या गोदीत घ्या, तळ खरवडा, रंग द्या. नाहीतर वेग गेलाच म्हणून समजा.

आता या जहाजांना काम कुठलं होतं ते बघा. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबई ते लंडन हे अंतर आफ्रिकेला वळसा घालून जाण्यापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालं. पण शिडाच्या जहाजाला त्याचा उपयोग नव्हता. कालव्यातून ओढून न्यावं लागे, आणि पुढे तांबड्या समुद्रात वारे प्रतिकूल. टपाल, उतारू, चहा, किमती माल हे सगळं हळूहळू आगबोटींकडे गेलं. शिडांकडे उरला तो जड, स्वस्त, घाई नसलेला माल. कलकत्त्याचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीला, कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपला, चिलीचं नायट्रेट, आणि वेल्सचा कोळसा जगभर.

या कोळशात एक गंमत आहे. आगबोटींना वाटेत कोळसा लागतो. तो जगभरच्या बंदरांत साठवायचा तर तिथे न्यायला हवा, आणि लांब पल्ल्यावर आगबोटीने कोळसा नेला तर वाटेत तीच बराचसा खाऊन टाकणार. वारा फुकट. म्हणून आगबोटींचा कोळसा शिडाची जहाजं वाहून नेत होती. ज्याच्यामुळे आपला धंदा बुडणार, त्यालाच रोजचं जेवण पोचवायचं, असा हा प्रकार.

आपल्या किनाऱ्याशीही यांचा संबंध होता. १८७८ मध्ये पोर्ट ग्लासगोला बांधलेलं ‘फॉल्स ऑफ क्लाइड’ हे चार डोलकाठ्यांचं जहाज पहिल्या सफरीत कराचीला आलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढची काही वर्षंही ते हिंदुस्थानच्या व्यापारातच होतं. आणि १८८४ मध्ये मुंबई बंदरात ‘नार्सिसस’ नावाच्या अशाच एका लोखंडी जहाजावर एक पोलिश माणूस दुय्यम अधिकारी म्हणून रुजू झाला. त्याला आपण पुढे जोसेफ कॉनरॅड म्हणून ओळखू लागलो. त्या सफरीवर आधारलेली त्याची कादंबरी १८९७ मध्ये आली.

आता एका जहाजाची पूर्ण कारकीर्द बघू, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल. आयल ऑफ मॅन बेटावर रॅमझी इथे १८६३ मध्ये ‘युटर्पी’ नावाचं जहाज पाण्यात उतरलं. १८६४ च्या जानेवारीत कलकत्त्याला जायला निघालं आणि वेल्सच्या किनाऱ्याजवळच दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली. खलाशी म्हणाले, अशा अवस्थेत आम्ही पुढे जाणार नाही. जहाज परत फिरलं आणि नकार देणाऱ्या सतरा जणांना तुरुंगात पाठवलं. दुसऱ्या सफरीत बंगालच्या उपसागरात वादळात सापडलं. जहाज वाचवायला डोलकाठ्या कापून टाकाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर कप्तान स्टॉरी वारले. त्यांना समुद्रातच मूठमाती, म्हणजे जलसमाधी दिली.

अशी अपशकुनी म्हणावी अशी सुरुवात. पण पुढे हेच जहाज न्यूझीलंडला स्थलांतरितांना नेऊ लागलं आणि त्याने पृथ्वीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या. मग हवाईचा झेंडा लागला, मग अमेरिकेचा. १९०१ च्या सुमारास अलास्कातल्या सामन माशाच्या डबाबंद कारखान्यांच्या कंपनीने ते घेतलं. या कंपनीकडे बेलफास्टच्या एका मालकाची ‘स्टार ऑफ’ने सुरू होणाऱ्या नावांची जहाजं आधीच होती. त्याच घरातलं शोभावं म्हणून १९०६ मध्ये ‘युटर्पी’चं नाव बदलून ‘स्टार ऑफ इंडिया’ केलं. हिंदुस्थानचा माल वाहिला तेव्हा नाव ग्रीक देवतेचं, आणि हिंदुस्थानचं नाव मिळालं तेव्हा पोटात अलास्काचे मासे! १९२३ मध्ये ते निवृत्त झालं. नंतर सान डिएगोला तीसएक वर्षं नुसतं गंजत उभं होतं. १९५७ नंतर लोकांनी मनावर घेतलं, दुरुस्ती झाली आणि १९७६ मध्ये ते पुन्हा शिडांवर समुद्रात गेलं.

हा झाला भाग्यवान अपवाद. बाकीच्यांचं काय झालं?

पहिला शेवट म्हणजे फुटणं किंवा बुडणं. यातली एक घटना आपण विसरता कामा नये. १८८४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून ‘सीरिया’ हे लोखंडी जहाज फिजीला निघालं. त्यात चारशेहून अधिक करारबद्ध मजूर होते, ज्यांना गिरमिटिये म्हणतात. बायका होत्या, मुलं होती. ११ मे रोजी फिजीजवळ नासिलाईच्या प्रवाळ खडकावर जहाज आदळलं. एकोणसाठ माणसं गेली. आपण ज्याला मालवाहू जहाजांचा इतिहास म्हणतो, त्यात हा ‘माल’ही होता, हे लक्षात ठेवा.

दुसरी घटना १९०८ ची. ‘स्टार ऑफ बेंगाल’ हे १८७४ चं, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फच्या गोदीतलं जहाज. पुढे ‘टायटॅनिक’ बांधलं ती हीच गोदी. हे जहाज अलास्कातून डबाबंद मासे घेऊन निघालं होतं. दोन छोट्या बोटी त्याला ओढून खुल्या समुद्रात नेत होत्या. वादळ आलं, दोर सुटले आणि ते कॉरोनेशन बेटाच्या खडकांवर फुटलं. शंभराहून जास्त माणसं मेली. त्यातले बहुतेक कारखान्यात राबणारे चिनी, जपानी आणि फिलिपिनो कामगार होते.

दुसरा शेवट भंगाराचा. लोखंडाला भाव आला की जहाज तोडायचं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवली तीही पुष्कळ. त्या वेळी ती जुनी झाली होती, नॉर्वे, इटली असल्या देशांच्या मालकांकडे स्वस्तात गेली होती.

आणि तिसरा शेवट, ज्याच्यासाठी मी हे व्याख्यान देतोय. इंग्रजीत याला ‘हल्क’ म्हणतात. जहाजाच्या डोलकाठ्या काढायच्या, दोर काढायचे, आणि उरलेला लोखंडी डबा एखाद्या बंदरात बांधून ठेवायचा. त्यात कोळसा भरा, लोकर भरा, वाळू भरा. अगदीच निकामी झाला तर पाण्यात रुतवून धक्का करा.

‘काउंटी ऑफ पीबल्स’ हे १८७५ चं, चार डोलकाठ्यांवर पूर्ण आडव्या शिडांचं पहिलं लोखंडी जहाज. कलकत्त्याच्या तागासाठीच बांधलेलं. ते आज चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता आरेनास इथे लाटा अडवणारी भिंत होऊन पडलंय. ‘वेव्हरट्री’ १८८५ चं. १९१० मध्ये केप हॉर्नजवळ डोलकाठ्या मोडल्या. मग ते त्याच पुंता आरेनासला तरंगतं गोदाम झालं आणि १९४७ पासून ब्युनॉस आयर्सला वाळूचं तराफं. १९६० च्या दशकात तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की या वाळूच्या खोक्याला जहाजाचा देह आहे. आज ते न्यूयॉर्कच्या धक्क्यावर दिमाखात उभं आहे. ‘पॉली वुडसाइड’, तेही १८८५ चं. ते कितीतरी वर्षं कोळसा साठवायचं खोकं होतं. १९६८ मध्ये तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला ते एका सेंटला मिळालं. आज मेलबर्नला आहे. ‘जेम्स क्रेग’ टास्मानियात एका निर्जन खाडीत चाळीस वर्षं अर्धवट बुडून पडलं होतं. १९७२ मध्ये वर काढलं. आता ते सिडनीहून शिडं लावून समुद्रात जातं.

यातून काय दिसतं? जी जहाजं शेवटपर्यंत मानाच्या कामावर राहिली, ती बहुतेक गेली. जी हलक्या कामाला लागली, ज्यांची शान उतरवली, तीच आपल्यापर्यंत पोचली. याला एक साधं भौतिक कारणही आहे. त्या काळचं घडीव लोखंड नंतरच्या पोलादापेक्षा गंजाला जास्त काळ दाद देत नाही. त्यात धातुमळीचे धागे असतात. शिवाय तेव्हाचे बांधणारे धास्तीपोटी पत्रा जाड वापरत. जहाज म्हणून आयुष्य संपलं तरी डबा म्हणून अजून पन्नास-साठ वर्षं काढायची ताकद त्यात होती.

आता तत्त्वज्ञानाकडे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का? म्हणजे द्रव्य बदललं, नाव आणि मान टिकला. आपल्या लोखंडी जहाजांचं नेमकं उलटं आहे. द्रव्य तेच, पण नाव बदललं, झेंडा बदलला, डोलकाठ्या गेल्या, काम गेलं. वाळूचं तराफं हे जहाज आहे का? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्हा’त नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? कुठलाच एक भाग रथ नाही. भाग एका रीतीने एकत्र आले की आपण त्याला रथ म्हणतो. मला वाटतं इथे एक गोष्ट जोडायला हवी. त्या खोक्याकडे बघून कुणीतरी ‘हे जहाज आहे’ म्हणावं लागतं, आणि म्हणून थांबून चालत नाही, त्यासाठी पैसे आणि वर्षं घालावी लागतात.

ती घातली नाहीत तर काय होतं, ते ‘फॉल्स ऑफ क्लाइड’ने दाखवलं. कराचीला आलेलं ते जहाज पुढे हवाईत साखर वाहू लागलं, मग शिडाचं तेलवाहू झालं, मग अलास्कात तरंगता तेलसाठा. १९६३ मध्ये त्याचा लाटा अडवणारा धक्का करायचं ठरत होतं, तेव्हा लोकांनी ते वाचवून होनोलुलूला आणलं. संग्रहालय झालं. पुढे देखभाल थांबली, पत्रे गळू लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते खोल समुद्रात नेऊन बुडवलं. समुद्राने जे दीडशे वर्षांत केलं नाही ते जमिनीवरच्या दुर्लक्षाने काही दशकांत केलं.

शेवटी एकच सांगतो. ही जहाजं जपणं चांगलंच आहे. पण जपलेली वस्तू बोलते ती स्वतःच्या बाजूने. न्यूयॉर्क किंवा सान डिएगोला गेलात तर उंच डोलकाठ्या, पांढरी शिडं, चकचकीत पितळ दिसेल, आणि ते बघून आनंद होईलच. त्या वेळी त्याच जातीचं ‘सीरिया’ही आठवा. त्याचं संग्रहालय होऊ शकत नाही, कारण ते खडकावर फुटलं. टिकलेल्या लोखंडावरून न टिकलेल्या माणसांचा अंदाज करता आला, तर हे जुनं लोखंड बघितल्याचा काही उपयोग झाला असं म्हणता येईल.

इथे थांबतो.