कडी आतून लावता येईल अशी खोली

मुलींच्या वसतिगृहाची मी अकरा वर्षं रेक्टर होते. जूनमध्ये ट्रंका, बादल्या, लोणच्याच्या बरण्या घेऊन मुली यायच्या. पालक रजिस्टरवर सही करायचे आणि निघताना हमखास म्हणायचे, "मॅडम, आता तुमच्याच भरवशावर." ते वाक्य मी फार मनावर घेतलं होतं. म्हणून एका डिसेंबरात, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या वहीत सापडलेली चिठ्ठी तिच्या रूममेटने माझ्या टेबलावर आणून ठेवली, तेव्हा मी तडक तिच्या घरी फोन लावला. चिठ्ठी प्रेमाची होती, दुसऱ्या एका मुलीला लिहिलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आणि मामा जीप घेऊन आले. तिने ट्रंक स्वतःच उचलली, मेसचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेली. मार्चमध्ये परीक्षेला तिचा बाक रिकामा होता.

फोन करण्याआधी मी तिला साधं बोलावूनही घेतलं नव्हतं. आपलं गुपित कुणाला, कधी सांगायचं हे ठरवणं तेवढं तिच्या हातात होतं, तेही मी काढून घेतलं. निवृत्तीनंतर देशातल्या विद्यापीठांत अशा मुलामुलींसाठी काय काय उभं राहिलं आहे, याचा मी शोध घेत राहिले, तो त्या रिकाम्या बाकामुळे.

शोधाची सुरुवात एका मराठी माणसापाशी झाली. डॉ. रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खाजगी क्षण चित्रित केले. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवून जेमतेम सात महिने झाले होते. सिरस न्यायालयात गेले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते त्यांच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्यांच्यावरचा 'अलीगढ' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या आवारात एक दार जरी त्यांच्यासाठी उघडं असतं तर?

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पवईच्या आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांनी 'साथी' नावाचा गट सुरू केला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे 'टिस'मध्ये, 'क्वीअर कलेक्टिव्ह' उभा राहिला. आयआयटी दिल्लीत 'इंद्रधनु' आहे. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर अशा अनेक ओळखींना मिळून क्वीअर म्हणतात आणि मुलं हा शब्द अभिमानाने वापरतात. अशा गटांचं काम दुपदरी असतं. एक पदर दिसणारा: व्याख्यानं, चित्रपट, नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला चार शब्द. दुसरा न दिसणारा, आणि खरा आधार त्याचाच. रात्री अकराला निरोप आला की कुणी तरी उत्तर देतं. पहिल्या भेटीत नाव सांगायची सक्ती नसते. आत झालेलं बोलणं दाराबाहेर जात नाही. नुसतं सोबत म्हणून येणाऱ्या मित्रमैत्रिणींनाही बसायला जागा असते, त्यामुळे आत शिरणारा 'तसलाच' आहे असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. लपून येणाऱ्याला ही आडोशाची सोय फार मोलाची.

या गटांनी किती लांब मजल मारली पाहा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा तो निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा डोक्यावर बसलं. मे २०१८ मध्ये त्याला आव्हान देणाऱ्यांत आयआयटीच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या 'प्रवृत्ती' या गटातले २० जण होते. स्वतःचं नाव कागदावर घालून, घरच्यांना आणि नोकरीच्या ठिकाणी कळेल याची तयारी ठेवून ते उभे राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल लागला आणि संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का कायमचा पुसला गेला.

ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांची अडचण आणखी रोखठोक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात त्यांच्या ओळखीला मान्यता दिली. त्या खटल्यात ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. अर्जावर तिसरा रकाना आला. पण रकान्याने झोपायला कॉट मिळत नाही आणि स्वच्छतागृहाच्या दोनच दारांपुढे घुटमळणाऱ्याची सुटका होत नाही. दिवसभर पाणी न पिता वर्गात बसणारी मुलं असतात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात धनंजय चौहान या ट्रान्सजेंडर विद्यार्थिनीने स्वतंत्र स्वच्छतागृहासाठी झगडून ते मिळवलं. 'टिस'च्या मुंबई आवारात विद्यार्थ्यांच्या पाठपुराव्यातून मुलगा-मुलगी असा भेद न करणारं वसतिगृह सुरू झालं. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०१५ मध्ये एका पदवीधराच्या मागणीवरून प्रमाणपत्रावर नावाआधी स्त्री-पुरुष न दर्शवणारं 'मिक्स' हे संबोधन छापलं आणि २०२२ मध्ये वसतिगृहातला एक मजला क्वीअर विद्यार्थ्यांना दिला.

"आमच्या तालुक्याच्या कॉलेजला हे कुठून जमणार?" असं प्राचार्य म्हणतात. पण बरीचशी पायवाट कायद्याने आधीच पाडून ठेवली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल किंवा ट्रान्सजेंडर असणं यावरून केलेला छळही रॅगिंग ठरवला. म्हणजे चालण्यावरून, आवाजावरून 'बायल्या' म्हणत एखाद्या मुलाला व्हरांड्यात अडवणं ही गंमत उरलेली नाही. रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार करता येते. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभावाची मनाई केली आणि तक्रार ऐकायला अधिकारी नेमण्याचं बंधन घातलं. 'डॉक्टरकडे नेऊन बरं करू' म्हणणाऱ्या पालकांना सांगण्यासारखंही पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि असे 'उपचार' करणं हा डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. ज्यांच्या आदेशातून ही हालचाल सुरू झाली, ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश आधी स्वतः समुपदेशकासमोर बसले, या लोकांचं जगणं समजून घेतलं आणि मग २०२१ मध्ये आदेश दिला. न्यायाधीश शिकायला बसू शकतात, तर रेक्टरला का अवघड जावं?

लहान गावच्या मुलांची एक अडचण मोठ्या संस्थांच्या लक्षात येत नाही: शब्दांची. स्वतःबद्दल बोलायला त्यांच्यापाशी शिवीखेरीज मराठी शब्दच नसतो. पुण्यात २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' आणि 'इंद्रधनू'सारखी पुस्तकं मराठीत लिहिली, ती म्हणूनच महत्त्वाची. कॉलेजच्या ग्रंथालयात अशी पुस्तकं उघड्या कपाटात असली, की ती बाहेर न नेता उभ्या उभ्या वाचणाराही असतो. त्याच्यापुरती ती दोन कपाटांमधली बोळ हीच आतून कडी लावलेली खोली.

यात पैसा लागतो तो फार थोडा. एका स्वच्छतागृहाच्या दारावरची पाटी बदलावी. हजेरीत मूल सांगेल त्या नावाने हाक मारावी. सूचनाफलकावर टेली-मानसचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक लावावा. तिथे मराठीत बोलता येतं. एका शिक्षकाने किंवा शिक्षिकेने 'माझ्याशी बोला, बाहेर जाणार नाही' असं वर्गात एकदा स्पष्ट सांगावं. आणि जिवाला धोका नसेल तर मुलाला न विचारता घरी कळवू नये. घर मुलांवर माया करतं, हे खरं. पण जीप घेऊन येतं तेही घरच.

माझ्या जागी आलेल्या रेक्टरबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "समजा, उद्या माझ्या टेबलावर अशी चिठ्ठी आली तर?" मी म्हटलं, "न वाचता घडी घाला. जिची आहे तिला बोलवा, चिठ्ठी तिच्या हातात द्या आणि दार लावून घ्या. मग एवढंच विचारा, जेवलीस का?" माझ्या टेबलावर चिठ्ठी आली त्या दिवशी ती मुलगी मेसमध्ये जेवली नव्हती. मेसच्या कार्डावर त्या तारखेचा चौकोन कोरा होता.