गप्प साक्षीदार बोलता कसा होतो?

वर्गात काच फुटली आणि बाई ओरडल्या की सगळा वर्ग चिडीचूप! रस्त्यावरही तसंच होतं. एखाद्या सायकलवाल्याला मोटारीने उडवलं, तर पाहणारे पुष्कळ. पण पोलीस आले की सगळे गप्प. 'कशाला ती नसती भानगड?'

मग पोलिसांनी दरडावावं का? छे! घाबरलेला माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर भलतंच सांगतो. जाणते पोलीस त्याला बाजूला नेतात, पाणी देतात. "गाडी लालच होती ना?" असं न विचारता "काय पाहिलंस ते तुझ्या शब्दांत सांग," म्हणतात आणि मध्ये तोडत नाहीत.

कायदाही साक्षीदाराची काळजी घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार १५ वर्षांखालची मुलं, स्त्रिया आणि ६० वर्षांवरची माणसं यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती नाही. पोलिसांनीच घरी जायचं! जबाबावर सहीही घ्यायची नसते.

तेव्हा घाबरू नका. आई-बाबांना जवळ बसवा, पाहिलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. तेही खरंच की! तुमच्या खऱ्या बोलण्याने त्या सायकलवाल्याला न्याय मिळू शकतो.