‘समग्ग’ निर्णय आणि आटपाडीची ग्रामसभा

निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी नागरिक तो कशामुळे मान्य करतात? बहुमत हे याचे पुरेसे उत्तर नव्हे, असे आम्हांस वाटते.

आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात होता. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नव्या राज्यघटनेद्वारे सत्ता प्रजेकडे सोपविली. पायाशी निर्वाचित गावपंचायती आणि वर विधिमंडळ, अशी तिची रचना होती. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची बंदिवसाहत त्याच काळातील. प्रयोग निःसंशय थोर. पण त्याचा मूळ घटक गाव होता, आणि गावाचा निर्णय गावकुसाबाहेरच्या माणसाला आपला वाटावा कसा? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गाव नव्हे, व्यक्ती हाच घटक मानला, त्याचे कारण हेच.

विनयपिटकाने हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. महावग्गात संघकर्माचे चार प्रकार येतात: अधम्मेन वग्ग, अधम्मेन समग्ग, धम्मेन वग्ग आणि धम्मेन समग्ग. यांपैकी अखेरचेच ग्राह्य. तिसरा प्रकार विचार करण्याजोगा आहे. त्यात विधी निर्दोष असतो, पण संघ ‘वग्ग’, म्हणजे खंडित असतो. म्हणून ते कर्म अग्राह्य ठरते. सीमेतील भिक्खू आजारी असेल तर त्याचा ‘छंद’, म्हणजे संमती, आणावी लागे. तेही न जमल्यास त्याला मंचकासह आणावे. हलविल्याने आजार बळावणार असेल तर संघानेच त्याच्याकडे जावे. आणि असा छंद दिल्यावर जो भिक्खू मागाहून त्या धम्मानुसारी कर्माविषयी कुरकुर करील, त्याला पाचित्तिय दोष लागतो. आधी सामावून घेण्याचे बंधन, मग कुरकुरीला मनाई, हा क्रम महत्त्वाचा.

मतभेद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत घेत. शलाका वाटणारा छंद (येथे अर्थ पक्षपात), द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा लागे. मात्र अधम्मवादी अधिक भरल्यास त्याने मतदानच रद्द करावे, असेही चुल्लवग्ग सांगतो. आजच्या मतपेटीला हा आदर्श चालणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता आजची ग्रामसभा पाहा. गणपूर्तीसाठी शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते; तहकूब सभेला तर तीही अट नाही. तेथील ठराव कायद्याने वैध असतो. पण आटपाडीच्या माळावर रोजगार बुडेल म्हणून जी मजूर स्त्री सभेला आली नाही, तिचा छंद आणण्यास कोणी जात नाही.